समोरच्या बाजूला बसलेल्या मुलांसाठी

मी, हिरामती थारू, वय तीस, राहणार खैरीफाँटा, जिल्हा बर्दिया, शाळांतील वाचन-तपासनीस म्हणून नोकरीनिमित्त मुक्काम काठमांडू, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, कोणी भरीस घातलेले नाही. माघ महिन्याच्या सतरा तारखेला माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टरांनी धोका शंभरात चार सांगितला. माझे कामच आकड्यांचे असल्याने चारला मी शून्य समजत नाही.

१. राहत्या घरातला माझा हिस्सा धाकटा भाऊ धनपत याचा. माझ्या खोलीचे छत गळते. "दीदी, पाणी कुठंय, दव पडतं ते," असे तो आठ वर्षे म्हणत आला आहे. आता ते दव त्याचे.

२. आईची गळ्यातली चांदीची हसळी भावजयीला. माझे स्टॉपवॉचही तिलाच. तांदळाच्या पिठाच्या ढिकऱ्या वाफवताना उपयोगी पडेल.

३. रस्त्याकडेची पाच कठ्ठा जमीन मी स्वकमाईतून घेतली आहे. ती ~~माझ्या पश्चात~~ गावच्या शाळेतल्या थारू भाषेच्या पहिलीच्या वर्गासाठी द्यावी. तिच्या उत्पन्नातून शिक्षिकेचा पगार व पुस्तके भागवावीत. वर्ग श्रीमती जगरानी चौधरी यांनीच चालवावा. त्यांनी नकार दिल्यास जमीन धनपतला जावी, त्याने तिथे भातगिरणी घालावी. दुसरी शिक्षिका शोधू नये. ही अट तर्काला धरून नाही, हे मला मान्य आहे.

धनपत म्हणाला, "वर्ग बंद पडून चार वर्षं झाली. आणि जगरानीदीदी तुझ्याशी बोलते तरी का?"

बोलत नाही. म्हणून कारण नोंदवून ठेवते.

४. जगरानीदीदी आमची शेजारीण. मी शाळेत गेले तेव्हा शाळा नेपाळी बोलत होती आणि मला फक्त थारू येत होती. वर्षभर मी नुसते ओठ हलवले. दीदीने अंगणात सुपातल्या तांदळावर बोटाने अक्षरे काढून मला माझ्याच भाषेतले शब्द वाचायला शिकवले. पुढे एका प्रकल्पाने मातृभाषेतून पहिली सुरू केली आणि तो वर्ग दीदीला मिळाला. मुले सव्वीस, पुस्तके सहा. एका पुस्तकाभोवती चार-पाच मुले चटईवर बसत. निम्मी अलीकडे, निम्मी समोर.

वर्षअखेर वाचनाची तपासणी करायला मी गेले. ओळखीच्या शाळेत तपासनीस जात नाही, असा दंडक आहे. ओळख मी कळवली नाही, कारण मला तिथे जायचे होते. आणि ओळख आहे म्हणून सूट दिली असे कोणी म्हणू नये, यासाठी मी प्रत्येक नियम काटेकोर पाळला.

चिठ्ठ्या टाकून दहा मुले निवडली. सुगिया नावाची सात वर्षांची मुलगी समोर बसली. मी अक्षरांचा कागद तिच्यापुढे ठेवला. पहिल्या दहा अक्षरांपैकी एकही आले नाही तर थांबायचे, असा नियम आहे. ती मान वाकडी करून बघत राहिली, मग उठून माझ्या बाजूला यायला लागली. मी तिला हाताला धरून जागेवर बसवले.

दीदी दारातून म्हणाली, "हिरा, कागद फिरवून ठेव गं."

"दीदी, मध्ये बोलू नका."

"ती समोरून बसते, पोरी. तिला तसंच येतं."

"नियमात नाही."

"बरं बाई. तुझा नियम, तुझं घड्याळ."

सुगियाला शून्य. दहापैकी सहांना शून्य. सहाही वर्गात पुस्तकाच्या समोर बसणारी होती. अहवालात आले की थारूतून शिकवून मुले वाचत नाहीत. वैशाखात वर्ग बंद झाला, दीदीचे काम गेले, मुले नेपाळी वर्गात मिसळली.

पुढच्या माघीच्या सणाला मी घरी आले, तेव्हा सुगिया दीदीच्या अंगणात दिसली. दीदी जुने पुस्तक मांडीवर धरून बसली होती आणि सुगिया समोर बसून ते उलट्या बाजूने, बोट न लावता, घडाघडा वाचत होती. मी आत गेले. त्याच तपासणीतला उताऱ्याचा कागद उलटा ठेवला. एका मिनिटात त्रेचाळीस शब्द, चुका दोन. सहाही मुलांचे असे आकडे घेऊन मी कार्यालयाला पत्र लिहिले. उत्तर आले की नोंदी आता गोठवल्या आहेत.

अंगणात त्या दिवशी दीदी एवढेच म्हणाली, "झालं तुझं मोजून?" त्यानंतर बोललेली नाही.

मी दरवर्षी माघीला येते. तिच्या कुंपणाची लांबी एकोणीस पावले आहे. मी ती हळू चालते. आतून सुपाचा आवाज येतो, हाक येत नाही. काठमांडूत माझ्याशी थारू बोलणारे कोणी नाही. तिथे मी स्वप्नातही नेपाळी बोलू लागले आहे. "हिरा, इकडे ये, हे वाच" हे वाक्य मला त्याच आवाजात आणखी एकदा ऐकायचे आहे. मृत्युपत्रात अशी मागणी करता येत नाही, म्हणून जमीन लिहिली.

५. माझ्या वरिष्ठांना काही नाही. त्या पत्राची प्रत मात्र त्यांना पुन्हा पाठवावी.

६. वर्गात मुलागणिक एक पुस्तक असावे. कोणी तपासायला आल्यास त्याला चहा द्यावा आणि मुले कशी बसतात ते आधी दाखवावे.

७. पहिली साक्षीदार म्हणून जगरानीदीदीचे नाव घातले आहे. कायद्याला दुसरे कोणीही चालले असते. पण साक्षीला बोलावले तर आमच्या गावात कोणी नाही म्हणत नाही.

दुरुस्तीची नोंद: दीदी आज दुपारी आली. चष्मा लावून सगळे वाचले, चौथे कलम दोनदा. मग लेखणी खाली ठेवली. "मी सही करणार नाही."

दस्तलेखक तुलारामकाका म्हणाले, "अहो, नुसती साक्ष तर आहे."

"घेणारी मी आणि साक्षीलाही मीच? लोक काय म्हणतील?" मग माझ्याकडे वळून, "आणि हे 'पश्चात' कशाला घातलंस? शाळा वैशाखात सुरू होते. तू मरायची वाट बघत पोरांना ताटकळत ठेवू?"

"दीदी, ऑपरेशन आहे माझं."

"मग करून ये. सव्वीस पुस्तकं छापून कोण आणणार, तुझा भाऊ?"

काका म्हणाले, ते शब्द काढले तर कलम मृत्युपत्रात बसत नाही, वेगळे दानपत्र करावे लागेल.

"करा की मग. बसलेय मी."

त्यानुसार कलम ३ मधले दोन शब्द मी स्वतः खोडले आहेत. खाडाखोडीवर माझी सही आहे. दानपत्र आजच होत आहे. बाकीची कलमे कायम.

सही: हिरामती थारू

साक्षीदार:
१. ~~जगरानी चौधरी~~ फागुलाल थारू, गावप्रमुख
२. तुलाराम उपाध्याय, दस्तलेखक

स्थळ: खैरीफाँटा, बर्दिया
दिनांक: ५ माघ, विक्रम संवत २०७९