क्लोरीनच्या खोलीचं दार

प्रिय सुश्रुत,

माझं अक्षर पाहून दचकू नकोस. घरी सगळे हिंडते-फिरते आहेत. पण हे फोनवर बोलणं जमणार नव्हतं. हावड्याच्या या फ्लॅटमध्ये एकाने हळू बोललेलंही दुसऱ्याला ऐकू जातं आणि तुझ्या दादाच्या नकळत मला तुझ्याशी बोलायचं आहे.

गेल्या रविवारी सारंगच्या प्लांटचा वाढदिवस झाला. 'वाढदिवस' हा तिथल्या वस्तीचाच शब्द. सांडपाणी शुद्ध करण्याच्या कारखान्याला दहा वर्षं झाली, त्याचा कसला वाढदिवस, म्हणून मी आधी हसले होते. तुला फोनवर सांगितलं होतं बघ, प्लांट सुरू झाला तेव्हा याच वस्तीतल्या बायका फाटकासमोर रस्ता अडवून बसल्या होत्या. घाणीचा वास आमच्या दारात नको म्हणून. सारंग रोज त्यांच्यात जाऊन बसायचा, मोडक्या बंगालीत समजवायचा. पुढेही कितीतरी वर्षं ड्यूटी संपली की वस्तीतून एक फेरी मारून, नाक वर करून वास घेऊन मगच घरी यायचा.

यंदा त्याच बायकांनी वर्गणी काढून मांडव घातला. शंख फुंकले, खिचुडी केली, गरमागरम बेगुनी, म्हणजे वांग्याची भजी, तळली. रस्ता अडवताना सगळ्यांत पुढे असलेल्या शेफालीमाशी (इथे मावशीला माशी म्हणतात) आता थकल्यात. त्या माईकवर म्हणाल्या, "पूर्वी आम्ही खिडक्या उघडत नव्हतो. आता मी गच्चीवर डाळीच्या वड्या वाळत घालते. सगळी सारंगबाबूंच्या नाकाची कृपा!" लोक हसले, टाळ्या वाजल्या. सारंगने मान खाली घातली. मला वाटलं, लाजला.

मग तो सगळ्यांना प्लांट दाखवायला घेऊन निघाला. टाक्या झाल्या, गाळ सुकवायची जागा झाली. सोडायच्या आधी पाण्यात क्लोरीन मिसळतात, त्या खोलीकडे आम्ही वळलो. तो पुढे, मागे बायका, कुणाच्या कडेवर नातवंडं. अजून अंतर होतं तरी माझ्या नाकाला काहीतरी झोंबलं, बाथरूम घासताना झोंबतं तसं. शेफालीमाशींनी पदर नाकाला लावला. सारंग मात्र बोलत बोलत दारापाशी गेला आणि त्याने कडीला हात घातला.

त्याच्या हाताखाली मीना नावाची केमिस्ट आहे. ती धावत आली आणि तिने त्याचं मनगट धरून त्याला मागे ओढलं. "सर, गोन्धो पाच्छेन ना?" वास येत नाही का तुम्हाला? सुश्रुत, त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते आश्चर्य नव्हतं. चोरी पकडली गेल्यावर माणूस पाहतो तसं त्याने आधी मीनाकडे आणि मग गर्दीत मला शोधून माझ्याकडे पाहिलं. पुढच्याच क्षणी तो साहेब झाला. सगळ्यांना वाऱ्याच्या उलट बाजूला पिटाळलं, मास्क घातलेली दोन माणसं आत पाठवली. गळती अगदी थोडी होती, भोंगाही वाजला नव्हता. झडप घट्ट केली, आणि लोक खिचुडीच्या पंगतीला बसले. त्यांच्या लेखी काही घडलंच नव्हतं.

बसमध्ये मी विचारलं, "तुला खरंच वास आला नाही?" म्हणाला, "सर्दी झालीय गं." सर्दी नव्हती. मला एकेक आठवायला लागलं. नासलेल्या दुधाचा चहा तो मुकाट्याने प्यायला होता. मी शेजारी गेले असताना डाळ करपून घरभर वास सुटला आणि हा तिथेच पेपर वाचत बसलेला. मी चिडले होते, की घरात लक्षच नाही याचं! कोरोनात त्याचा वास गेला होता, पण तो परतही आला होता. आता पुन्हा तसंच काही असेल, असं स्वतःला समजावून पाहिलं. मग काल मीनाचा फोन आला. "दीदी, घाबरू नका. क्लोरीनच्या खोलीची फेरी सरांनी दिवाळीपासूनच माझ्याकडे दिलीय. त्या दिवशी पाहुण्यांच्या नादात विसरले असतील." म्हणजे त्याला माहीत होतं. इतके महिने माहीत होतं, आणि तो माझ्यासमोर बसून निवांत जेवत होता.

हल्ली शर्टाची बटणं लावायला त्याला वेळ लागतो. विचारलं तर म्हणतो, काजंच लहान शिवलीत. मी त्याच्या हातांकडे बघते आणि तो पाहतोय असं दिसलं की नजर वळवते. मला बाबांचे हात दिसतात. शेवटी शेवटी तू त्यांना चमच्याने भरवायचास, तेव्हाचे.

बाबांचं कंपवाताचं दुखणं सुरू झालं तेव्हा आम्ही इथे होतो, त्यांच्याजवळ तूच होतास. म्हणून तुलाच लिहितेय. हात थरथरायला लागायच्या आधी बाबांना वास येईनासा झाला होता का? आणि दुसरं. दिवाळीत सारंग बाल्कनीचं दार ओढून तुझ्याशी खूप वेळ बोलत होता. काय एवढं, म्हटलं तर म्हणाला, बाबांच्या आठवणी निघाल्या. त्याने तुला हेच विचारलं होतं ना? केतकीला सांगू नकोस, असंही म्हणाला असेल. तू त्याला शब्द दिला असशील, तर तो मोड. डॉक्टरांची वेळ मी घेऊन ठेवली आहे, त्याला नेईनही मीच. पण त्याआधी तू त्याला फोन कर आणि सांग, की वहिनीला कळलंय. मला तोंडाने म्हणता येत नाहीये रे. आणि त्याने एकट्याने भ्यावं, हे मला आता एक दिवसही सहन होत नाही.

तुझीच,
केतकी वहिनी