दुसरा ओबो घरचा

११ जानेवारी, शनिवार

अण्णांनी काय लिहून ठेवलंय, देव जाणे! तिसरी रचना आज हातात दिली. आधीच्या दोन अगदी त्यांच्यासारख्या होत्या — खोडकर, चालत्या. जन्मभर बँडवाल्यांना चाली लिहून देणारा माणूस. सत्तरी उलटल्यावर माझ्याकडे, लेकीकडे, अबुधाबीला राहायला आला आणि माझ्या ओबोसाठी, म्हणजे सनईच्या विलायती भावासाठी, नि आमच्या फुंकवाद्यांच्या विंड ग्रुपसाठी लिहायला लागला, याचंच किती कौतुक होतं मला. आणि आता हे! पहिल्या ओबोला लांबलचक, सुरेख धून. दुसऱ्याला फक्त एक स्वर. सुरुवातीपासून शेवटपर्यंत तोच. मध्ये श्वास घ्यायला जागाच नाही. वर पेन्सिलीनं लिहिलंय — 'दुसरा घरचा.'

म्हणजे काय, विचारलं. म्हणाले, बसव तर आधी, कळेल.

१२ जानेवारी, रविवार

यहयाभाईंना दाखवलं. ते रत्नागिरीचे, रुवैसला रिफायनरीत आहेत. सुट्टीला एवढी गाडी हाकत येतात आणि आमचा विंड ग्रुप चालवतात. धून लाजवाब आहे म्हणाले. पण काळी तीनची पट्टी कशाला? क्लॅरिनेटवाले रडतील, जरा खाली उतरवू.

घरी येऊन अण्णांना विचारलं. नाही उतरवता येणार. का? नाहीच येणार. खलास! विषय बंद.

प्रसन्नचं वेगळंच. अण्णांना न्यूरोलॉजिस्टकडे नेऊ म्हणतो. परवा एकाच सकाळी त्यांनी दोनदा चहा मागितला म्हणे. चहा हा माझा नवराही दोनदा मागतो, त्याला कोण नेतं डॉक्टरकडे? पण डोक्यात किडा सोडून गेला तो गेलाच.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगूळ देत होते तर लेक ऋता खिदळत आली — "आजोबा इज ब्लोइंग बबल्स इन हिज वॉटर! इट्स सो फनी!"

आम्ही बाल्कनीत गेलो. अण्णा समुद्राकडे तोंड करून बसलेले, हातात पाण्याचा ग्लास, ग्लासात स्ट्रॉ. बुडबुडे चाललेत, थांबतच नाहीत. प्रसन्ननं माझ्याकडे नुसतं पाहिलं.

मला मात्र वेगळंच काही दिसलं. ती स्ट्रॉ मला पक्की ठाऊक आहे. आमच्या सनईवाल्यांच्या घरात सूर धरायला असंच शिकवतात. गालात हवा साठवायची, नाकानं श्वास घ्यायचा, बुडबुडे तुटू द्यायचे नाहीत. सुराची सनई वेगळी असते, एकच स्वर देणारी. दादा धून वाजवायचा आणि मी मागे बसून सूर धरायची. तेही घरातल्या रियाजाला. मांडवात मुलगी कशी बसणार! ती सनई मिरजेला दादाकडेच राहिली. मी रडरड केली तेव्हा अण्णांनीच मला हा ओबो आणून दिला होता.

म्हणजे 'घरचा' कोण ते कळलं — मीच. मला परत शिकवायची तयारी चाललीय!

१८ जानेवारी, शनिवार

यहयाभाईंनी दुबईची एक मुलगी शोधली, नबिला. चांगला ओबो वाजवते म्हणे. पहिला तिला द्या, मीच सांगितलं. दुसरा माझा, अण्णांनी लिहिलंच आहे. हसत हसत सांगितलं. घरी येऊन भांडी आपटली.

मला खरंच कळत नाहीये. अण्णांच्या लेखी मी अजून मागे बसणारीच का? की आता मी कोण, काय वाजवते, हेच त्यांना आठवत नाही? यातलं कुठलं बरं?

२० जानेवारी, सोमवार

"धून बसली का गं?" — अण्णा, जेवताना. कुणाची धून? मी आमटी वाढली.

२१ जानेवारी, मंगळवार

वाजवतेय. धूनच. रोज. खोलीचं दार लावून, खाली फटीला टॉवेल लावून. दुसऱ्याच्या ताटातलं चोरून खाल्ल्यासारखं वाटतं, पण राहवत नाही! मधे एका ठिकाणी ती खाली येते आणि परत वर जायला नाखूश असते. तिथं मी रोज थांबते आणि परत पहिल्यापासून घेते. डोकं फिरलेल्या माणसाला असं सुचत नाही, एवढं मी प्रसन्नला छातीठोक सांगू शकते.

२४ जानेवारी, शुक्रवार

नबिलाचा मेसेज आला. पट्टी फार अवघड, वेळ नाही, सॉरी हबीबती. यहयाभाई म्हणाले, यंदाच्या कार्यक्रमात पहिल्या दोनच रचना वाजवू, तिसरी पुढच्या वर्षी, इन्शाल्ला.

पुढच्या वर्षी! अण्णांचं वय काय, बोलतोय काय हा माणूस!

मी धरते ना धून, एवढंच म्हणायचं होतं. तोंडातून निघालं नाही. अण्णांनी दिलेली नाही ती मला. सुटले एकदाची, असंही वाटायला हवं होतं. त्याऐवजी पार्किंगमध्ये गाडीत बसून रडले. आता अण्णांना कोण सांगणार?

२५ जानेवारी, शनिवार

अण्णा हट्टानं तालमीला आले. माझी जीभ रेटेना, म्हणून यहयाभाईंनीच सांगितलं — नबिला येत नाही, तिसरी रद्द.

"नबिला कोण?" अण्णांनी विचारलं.

मी दुसऱ्या ओबोच्या खुर्चीत मान खाली घालून बसलेली. अण्णा सावकाश माझ्यापाशी आले. कोटाच्या खिशातून कापडात गुंडाळलेलं काहीतरी काढलं, कापड सोडलं. आमच्या घरची सुराची सनई! मिरजेहून कधी मागवली, कुणाला पत्ता नाही. काळी तीनची. दुसऱ्या पट्टीत ती बोलतच नाही.

"ऊठ," म्हणाले. "ही माझी जागा आहे."

मी पहिल्या खुर्चीत जाऊन बसले. बाल्कनीतले ते बुडबुडे म्हणजे त्यांचाच रियाज होता तर! मी रीड ओठांत धरली.