आसावरीचं बोट

८ सप्टेंबर, सोमवार

बसलं एकदाचं बोटाच्या ठशाचं लॉक! सकाळपासून ड्रिल घेऊन मीच खपलो. दुकानदार म्हणत होता, "सर, आतून नुसतं बटण असतं." म्हटलं, मला आतूनही बोटच हवं. फॅक्टरीच्या गेटवर शेवटची सात-आठ वर्षं मी हेच तर केलं — आत येताना बोट, बाहेर जाताना बोट. घराला असं कोणी करत नसेल. पण घरातलं माणूस हरवायला लागलं तर काय करायचं? गेल्या गुरुवारी आसावरी पाच तास सापडत नव्हती. शेवटी के. आर. पुरम स्टेशनच्या पुलाखाली सापडली, एका पायात चप्पल.

मशीनमध्ये दोनच माणसं. एक नंबर मी, दोन नंबर ती. तिने दार उघडलं की माझ्या फोनवर घंटी वाजते. हिरवा दिवा लागला की लहान मुलीसारखी हसते. "अहो, मला ओळखतंय हे!"

चार वेळा उघडून पाहिलं तिने. मलाही बरं वाटलं. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात माझ्या इंजिनिअरिंगचं तिने केलेलं हे पहिलंच कौतुक.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

घंटी वाजली तेव्हा मी अंघोळीला. ओल्या अंगावर शर्ट चढवून खाली पोचलो तर ही रस्त्याच्या मधोमध, आणि पाण्याचा टँकर तिच्यापासून दोन हातांवर करकचून थांबलेला. वॉचमन गुरुराजने हात धरून आणलं. "स्वल्प नोडकोळ्ळी सर," कन्नडमध्ये म्हणाला. जरा लक्ष ठेवा! मीच लक्ष ठेवत नाही म्हणे!

कुठे निघते ते मला ठाऊक आहे. कोपऱ्यावरच्या स्टॉपवर. पावणेपाचला आमची फॅक्टरीची बस तिथे थांबायची. सत्तावीस वर्षं ही तिथे यायची — आधी लेकीला, क्षमाला, कडेवर घेऊन, मग तिचा हात धरून, मग एकटी. मी रिटायर होऊन चौदा वर्षं झाली. ती बससुद्धा बंद झाली. तरी साडेचार वाजले की ही केस विंचरते, साडी बदलते. "ते येतील आता."

मी समोर बसलेला असतो!

संध्याकाळी मशीनमधून दोन नंबर काढून टाकला. एक बटण दाबलं, झालं. 'डिलीट? होय.' फॅक्टरीत माणूस गेला की असंच करायचो.

१३ सप्टेंबर, शनिवार

लाल दिवा. सहा वेळा.

१७ सप्टेंबर, बुधवार

रोज तेच. पावणेपाचला उजव्या हाताची तर्जनी ठेवते. लाल. पुन्हा ठेवते. लाल. माझ्याकडे वळून बघते. काय सांगू? म्हटलं, "बोट ओलं असेल, नीट पुसून ये." लगेच गेली, पुसून आली. लाल. "तेलकट असेल." साबणाने धुऊन आली. खोटं बोलायला एवढं सोपं जातं हे सत्तरी ओलांडल्यावर कळलं.

दार तिच्यासाठी बंद आहे, जीव वाचावा म्हणून बंद आहे. स्वतःला हेच घोकून सांगतो. झोप मात्र येत नाही.

२० सप्टेंबर, शनिवार

आज मला म्हणाली, "मिस्त्री, एवढं दुरुस्त करून द्या ना. आमचे मिस्टर बसने येतील, त्यांना कोणी दिसलं नाही तर काळजी करतील."

मिस्त्री! सारखा त्या लॉकशी खुडबुडताना दिसतो ना मी. "हो बाई, उद्या करतो," म्हटलं. चहा दिला तिने मला. पाहुण्यांच्या कपात.

२३ सप्टेंबर, मंगळवार



दुपारी स्वयंपाकघरातून नळाचा आवाज थांबेना. जाऊन बघतो तर ही भांड्यांच्या तारेच्या घासणीने बोट घासतेय. तर्जनीची कातडी सोललेली. सिंकमध्ये लाल पाणी. मी घासणी हिसकावली तर कळवळून म्हणाली, "मळ निघत नाहीये हो. माझ्याच बोटाला काहीतरी झालंय."

मीच सांगितलं होतं. पुसून ये. धुऊन ये. माणसं विसरणारी बाई माझं एवढं एक खोटं तेवढं विसरली नाही.

मलम लावलं, पट्टी बांधली. पावणेपाचला पट्टीतलं बोट घेऊन पुन्हा दारापाशी.

२४ सप्टेंबर, बुधवार

पुण्याला क्षमाला फोन करून सगळं सांगितलं. म्हणाली, "बाबा, तुम्हाला त्रास होतोय ते कळतंय. पण परत टँकरखाली गेली तर? राहू दे ते लॉक." तिचं चुकत नाही. माझं कुठे चुकतंय तेही सांगता येत नाही.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

क्षमाचं न ऐकता दोन नंबर परत घालायला गेलो. मशीन घेईना! बोटावर रेषाच उरल्या नाहीत. डाव्या हाताचं घेतलं, तर ते ती लावतच नाही. नवीन कातडी येईपर्यंत थांबायचं.

१ ऑक्टोबर, बुधवार. आयुधपूजा

खाली गुरुराजने गेटची, लिफ्टची, सगळ्यांच्या गाड्यांची पूजा केली. कोहळे फोडले. फॅक्टरीची आठवण आली — लेथ मशीनला झेंडूच्या माळा घालायचो आम्ही.

वर आलो तर आसावरी लॉकसमोर उभी. त्याला हळदकुंकू लावलेलं, वर एक झेंडू ठेवलेला. दोन्ही हात जोडून त्याला म्हणत होती, "माझं काही चुकलं असेल तर पदरात घे. पण आता ओळख मला."



कुंकू पुसून काच स्वच्छ केली. तिचं बोट ठेवलं. तीनदा नाही म्हणालं, चौथ्यांदा घेतलं. दोन नंबर!

उद्या साडेचारलाच मी खाली उतरणार. गुरुराजला सांगून ठेवलंय — ती लिफ्टमधून बाहेर आली की चार पावलं मागे राहा, रस्ता तू पार करून दे. "सरी सर," म्हणाला, म्हणजे ठीक आहे. ती स्टॉपवर येईल, कोणी नाही असं बघेल, मग समजूत काढून परत आणीन. क्षमाला कळवलेलं नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

फॅक्टरीत न्यायचो तो जुना स्टीलचा डबा माळ्यावरून काढला आणि तो घेऊन स्टॉपवर उभा राहिलो. का घेतला, माहीत नाही. चार सेहेचाळीसला फोनवर घंटी. ती आली, गुरुराज मागे. सरळ माझ्यापाशी आली, हातातला डबा घेतला, कानाशी हलवून पाहिला. "पुन्हा भाजी उरवलीत ना? अहो, किती वाळलात! चला घरी."

मला ओळखलं तिने. वीस दिवस मी तिला माझ्याकडेच येऊ देत नव्हतो.