कोलोनला जेवून ये

सेक्टर २३, चंदीगड
८ मार्च १९७६

चि. नरेशला मामीचे अनेक आशीर्वाद.

"आपल्यातला एक तरी माणूस तिच्या घरी पानावर बसून जेवू दे, मग मी तिला या घरात घेईन." तुझे मामा हे बोलले त्याला पाच वर्षं झाली. आमच्या वसुधाने इंडस्ट्रियल एरियात लेथ चालवणाऱ्या सरदारजींच्या मुलाशी, गुरमीतशी लग्न केलं तो दिवस. तू तेव्हा आमच्याकडेच राहून इंजिनिअरिंग शिकत होतास. हे वाक्य ऐकताना तुझ्या ताटात माझी पोळी होती.

कोणी जेवणार नाही या खात्रीनेच ते तसं बोलले. पण दिलेला शब्द मोडणारा माणूस नव्हे.

ईस्टरच्या सुट्टीत तू श्टुटगार्टहून स्वस्तातली सहल करायला कोलोनला जाणार, असं तुझ्या आईने कळवलं. वसुधा आणि गुरमीत तिथेच असतात. त्यांच्याकडे जेव आणि तसं मामांना लिही. फुकटच्या जेवणाला तू कधी नाही म्हटल्याचं मला आठवत नाही, म्हणून हे काम तुलाच सांगते. डिसेंबरात वसुधा बाळाला घेऊन मनीमाजऱ्याला सासरी येणार आहे. सायकलने जाता येईल इतक्या अंतरावर माझी नात असेल. ती या घरात यावी, एवढंच.

थंडीचं अंगावर घालत जा. मामीवर लोभ आहे तेवढा राहू दे.

सुनेत्रामामी

श्टुटगार्ट
२४ एप्रिल १९७६

ती. मामा व मामींस,
सा. न. वि. वि.

कोलोन झालं. इतक्या स्वस्तात ते आपल्यापैकी कोणी पाहिलं नसेल. मालट्रकला हात करत गेलो, युथ होस्टेलात झोपलो, पाव आणि सफरचंदांवर दिवस काढले. ही माणसं हॉटेलात पाण्याचेही पैसे घेतात, म्हणून मी स्टेशनातल्या नळाचं प्यायलो. कॅथीड्रल धुराने काळं पडलंय. आत जायला फुकट, मनोऱ्यावर जायला तिकीट, तेव्हा मनोरा खालूनच पाहिला. ऱ्हाइनचं एवढं नाव, पण पाणी गढूळच.

मामींच्या शब्दाखातर वसुधाताईच्या दारापर्यंत गेलो. चौथा मजला, लिफ्ट नाही, जिन्यात उकडलेल्या कोबीचा वास. गुरमीत मोटारीच्या कारखान्यात पाळीवर जातो. शेवटी लेथवाल्याचाच मुलगा. दोघांनी फार आग्रह केला, पण मी पाणीसुद्धा घेतलं नाही. मामांची मान खाली जाईल असं माझ्या हातून होणार नाही. शिवाय आईने पुण्याची दोन स्थळं बघून ठेवली आहेत. त्यांच्या कानावर भलतंसलतं जायला नको.

आपली कृपा आहेच, ती वाढावी.

नरेश

कोलोन
२६ एप्रिल १९७६

ती. आईस, वसुधाचा शि. सा. न.

नरेश येऊन गेला. होस्टेलात एक रात्र राहिला, दुसऱ्या दिवशी बॅग घेऊन इथेच आला आणि सुट्टी संपेपर्यंत हलला नाही. पहिल्या दिवशी राजमा पाहून नाक मुरडलं, मग तीनदा वाढून घेतला. पिठलं मागितलं, ते केलं. शेवटी पुरणपोळी हवी म्हणाला. इथल्या जाड तव्यावर दोन करपल्या, त्याही त्याने सोडल्या नाहीत. गुरमीतने त्याला पलंग दिला आणि रात्रपाळी करून आल्यावर स्वतः जमिनीवर झोपला. वाटेसाठी पराठेही त्यानेच बांधून दिले.

जाताना नरेश म्हणाला, "ताई, मी इथे जेवलो हे घरी लिहू नकोस." का ते मी विचारलं नाही. मी हो म्हटलं होतं, पण राहवत नाही. माहेरचं माणूस इतक्या वर्षांनी माझ्या हातचं जेवलं, हे तुला नाही तर कुणाला सांगू?

बाळ बसायला लागलंय. बाबांना नमस्कार सांगशील? नाही जमलं तर राहू दे.

तुझी वसू

सेक्टर २३, चंदीगड
९ मे १९७६

चि. नरेश,

आशीर्वाद लिहायची रीत आहे, ते आहेत असं समज.

पिठलं, पुरणपोळी आणि वर पराठे. पाव-सफरचंदांवर तू चांगलाच पोसलेला दिसतोस. ज्याच्या पलंगावर झोपलास त्याला लेथवाल्याचा मुलगा म्हणालास. त्याच्या बापाने लेथवर केलेले स्क्रूसुद्धा तुझ्यापेक्षा सरळ असतील. तुला इतकी वर्षं वाढलं याचं वाईट वाटत नाही. वाढलेलं तुझ्या अंगी लागलं, पण खाल्ल्या घरची आठवण काही तुला राहिली नाही.

आता एक गोष्ट ऐक. तुझं पत्र यायच्या आधी मामा रोज पोस्टमनची वाट बघत फाटकाशी उभे असायचे. मी विचारलं की म्हणायचे, ऊन खातोय. एप्रिलातलं ऊन. तुझं पत्र त्यांनी दोनदा वाचलं, घडी घातली, "बरं झालं," म्हणाले, आणि त्या रात्री जेवले नाहीत. त्यांनाही हरायचं होतं रे.

वसुधाचं पत्र दाखवून उपयोग नाही. तिची पत्रं ते हातात घेत नाहीत, आणि मी सांगितलं तर म्हणतील, आईची साक्ष. ज्याने पाणी घेतलं नाही म्हणून लिहिलं, त्यानेच जेवलो म्हणून लिहायला हवं.

पुण्याची स्थळं आहेत, तुझी आई आहे, तू लिहिणार नाहीस हे मला ठाऊक आहे. मामीवर लोभ ठेवायचीही आता गरज नाही. तरी मागते. मामांच्या नावाने एक कार्ड टाक: मी वसुधाताईकडे जेवलो.

सुनेत्रामामी