दोरा दिसण्याआधी

मी, वैजयंती जनार्दन गावंडे, वय ५४, व्यवसाय वार्ताहर, मूळ गाव कामरगाव, तालुका कारंजा, हल्ली मुक्काम वाशीम, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर व स्वखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी ठिकाणावर आहे की नाही याबद्दल आमच्या घरात दोन मते आहेत. पहिले मत असे की, पन्नाशी उलटल्यावर जी बाई तलावात पोहते, ओल्या अंगाने सायकलीवर बसते आणि सायकलीवरून उतरून पुन्हा पळत सुटते, तिला बुद्धी आहे असे म्हणणे धाडसाचे आहे. दुसरे मत माझे आहे. कायदा दुसऱ्या मताच्या बाजूने आहे, असे माझ्या वकील अॅड. यास्मीन शेख यांनी सांगितले आहे.

मला कोणताही आजार नाही. मृत्युपत्र लिहायला आधी आजारी पडावे लागते हा समज, आणि टायर बदलायला आधी तो फुटावा लागतो हा समज, हे दोघे सख्खे भाऊ आहेत. पुढील मजकुरात दोघांचाही समाचार घेतला आहे.

माझे लग्न झालेले नाही. त्यामागे कोणतीही शोकांतिका नाही, त्यामुळे कोणी शोधू नये. जवळची माणसे अशी: थोरले बंधू रामकिसन, वहिनी रंगूबाई, त्यांचा मुलगा विकास आणि मुलगी निकिता.

कलम १. वाशीम येथील माझे दोन खोल्यांचे घर, अंगणातल्या लिंबाच्या झाडासह, माझ्या पश्चात निकिताला मिळावे. दादा म्हणतील, पोरीला घर कशाला, ती सासरी जाणार. सासरी जाणाऱ्या माणसाला परत येण्यासाठीसुद्धा एक दार लागते, एवढेच माझे म्हणणे आहे. लिंबे मात्र गल्लीने नेहमीप्रमाणे न विचारता तोडावीत. विचारून तोडली तर मला चुकल्यासारखे वाटेल.

कलम २. माझे संस्कृत कोश आणि व्याकरणाची पुस्तके मी शिकले त्या महाविद्यालयाला द्यावीत. तिथे ती कोणी उघडणार नाही याची मला कल्पना आहे. पण न उघडलेल्या पुस्तकांचाही एक दबदबा असतो.

कलम ३. आमच्या दैनिकात बसणाऱ्या एका उपसंपादकाला मी काहीही ठेवत नाही. या वर्षीच्या शर्यतीची बातमी मी स्वतः पाठवली होती. त्याने तिला मथळा दिला, ‘आजीबाईंची कमाल’. ज्या बाईला मूल नाही तिला नातवंड देणे हे संपादकीय अधिकारात कसे बसते, याचा खुलासा मी मागितला होता. तो आलेला नाही. माझ्या निधनाची बातमी त्याच्या हाती पडू नये, एवढी व्यवस्था करावी.

कलम ४. माझी ट्रायथलॉनची सायकल.

वाद होणार तो इथे, म्हणून हे कलम लांब आहे. यास्मीनबाईंनी दोनदा सुचवले की ‘सदर सायकल’ एवढे लिहिले तरी पुरते. त्या हुशार आहेत, पण त्यांनी माझ्या भावाशी कधी वाद घातलेला नाही.

या सायकलीच्या पुढच्या बाजूला कोपरे टेकवायचे दोन दांडे आहेत. त्यांवर वाकून बसले की वाऱ्याला आपण कमी सापडतो. दादांनी ती प्रथम पाहिली तेव्हा म्हणाले, “हे तं वखर धरल्यावानी दिसून राह्यलं.” उपमा चुकीची नाही. फरक इतकाच की वखराचा वेग चुकला तर शेतातले तास वाकडे जाते, आणि इथे उतारावर सगळा जीव दोन बोटे रुंद रबरावर सोपवलेला असतो.

म्हणून टायर. गेल्या उन्हाळ्यापासून मागचा टायर मला काही सांगू पाहत होता. त्याची मधली गोलाई बसून तिथे सपाट पट्टी झाली होती. झीज कळावी म्हणून रबरात बारीक खळगे ठेवलेले असतात. ते शोधायला मला आधी चष्मा लागे, पुढे चष्म्यानेही सापडेनात. पंक्चर तर वरचेवर. नवी जोडी घेऊन कपाटात साड्यांखाली ठेवलेली होती. पण आमच्या घरात ‘अजून चालते’ हा वेदांपेक्षाही जुना मंत्र आहे, आणि त्याचा सध्याचा पुरोहित विकास. तो ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये कामाला आहे, त्यामुळे जगातल्या सर्व टायरांवर त्याचे मत असते. तोही शर्यती करतो. आम्हा दोघांच्या सायकलींवरचे टायर त्यानेच एका वेळी, एकाच ठिकाणाहून आणले होते.

“आत्या, बाभळीचे काटे हायेत ते. टायरले काही नाही झालं. अजून एक सीझन निघते. लयच वाटलं तं मागचा पुढं टाकू.”

मागचा झिजलेला टायर पुढे टाकणे ही कल्पना मी इथे मुद्दाम नोंदवते, म्हणजे पुढच्या पिढीत ती कोणाला सुचू नये. मागचा फुटला तर सायकल लडबडते, पण बहुधा सावरते. पुढचा फुटला तर कुठे जायचे हे आपल्याला विचारले जात नाही.

शर्यत होती पोळ्यानंतरच्या रविवारी. एकबुर्जीच्या तलावात पोहणे, मग सायकलीने शेलूबाजारपर्यंत जाऊन परत, आणि शेवटी धावणे. पोळ्याला मी दरवर्षी कामरगावला जाते, तशी या वेळीही सायकल घेऊन, नवी टायरची जोडी पिशवीत टाकून गेले आणि बैल नसलेल्या गोठ्यात सायकल उभी केली.

आमचे बैल विकले गेले, दावणीच्या जागी ट्रॅक्टर आला. पण पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे तूप-हळदीने शेकायचे, आणि ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या’ म्हणून त्यांना आमंत्रण द्यायचे, हे रंगूवहिनींनी सोडलेले नाही. बैल गेल्यापासून त्या ट्रॅक्टरला आवतन देतात. या वर्षी गोठ्यात त्यांना माझी सायकल दिसली.

मी शिवारातून परतले तेव्हा दोन्ही टायर पिवळेधमक होते आणि वहिनी वाटी पुसत होत्या.

“वहिनी, हे काय केलंत?”

“खांदे शेकले, बाई. वढते ना तुले हे? मंग याले काहून उपाशी ठेवा?”

“पण टायरला?”

“मंग कायले लावू? याचा खांदा कुठं हाय ते पाह्यलं मी. भार जिथं पडते तो खांदा.”

मी संस्कृतातले न्यायशास्त्र, म्हणजे तर्कशास्त्र, शिकले आहे. या युक्तिवादात मला अद्याप दोष सापडलेला नाही.

तूप ब्रेकला लागले नव्हते, ही त्या दिवशीची पहिली कृपा. निकिता साबणाचे पाणी घेऊन आली आणि आम्ही दोघी धुवायला बसलो. पुढच्या टायरची हळद निघाली. मागच्याची वरची निघाली, पण खाली पिवळ्या रेषा तशाच राहिल्या. कडेने बारीक जाळे, भेगाळलेल्या तळपायासारखे. मध्ये एक लांब रेघ. निकिताने त्या रेघेवर अंगठा दाबला. रेघ उघडली, आणि आत पांढरा दोरा दिसला.

“आत्या, हे पाह्य. हळद आत गेली.”

इतके महिने जे मला चष्म्याने दिसले नव्हते, ते वहिनींच्या तुपाने हळद आत नेऊन दाखवले. काळ्या रबरातली काळी भेग कोणाला दिसणार? पिवळी दिसते.

विकासने येऊन पाहिले. “डाग हायेत ते. दोन पाण्यात निघतीन.”

“भाऊ, डाग वर असते. हे आत हाय,” निकिता म्हणाली.

“तुले काय समजते टायरमदलं?”

तिने माझ्या पिशवीतली नवी जोडी काढली, दोन्ही चाके उतरवली आणि कोणतेही अवजार न वापरता नुसत्या हातांनी दोन्ही टायर चढवले. हवा भरून चाक फिरवले, कान लावून ऐकले, मग भावाकडे वळली.

“तुह्याही टायरले लावू का हळद?”

“मी काय बैल हाव?” तो हसला. पाहुण्यांसमोर खरे बोलू नये, आणि अंगणात पाहुणे होते.

रविवारी विकास पाण्यातून माझ्या बऱ्याच आधी निघाला. शेलूबाजारच्या अलीकडच्या उतारावर मला तो पुढे दिसला. सायकल खांद्यावर, मागचा टायर कडेने फाटून लोंबत होता. सुदैवाने मागचाच होता. अंगाला खरचटण्यापलीकडे काही झाले नव्हते, हे मी आधी नीट पाहून घेतले. मग कोपरे दांड्यांवर टेकवलेलीच ठेवून जाता जाता विचारले, “काय रे, निघते ना अजून एक सीझन?”

“आत्या, तू जाय ना,” तो म्हणाला.

मी गेले. वळणावर निकिता पाणी घेऊन उभी होती. तिने माझ्या मागच्या चाकाकडे पाहून मान डोलावली. वाऱ्याला मी सापडलेच नाही. माझ्या वयोगटात मी पहिली आले. वयोगटात तिघीच होतो, हे दादा सर्वांना आवर्जून सांगतात. त्या दिवशी माझ्या मागे आलेली विशी-तिशीतली मुले किती होती, हे मात्र त्यांनी अद्याप कोणाला सांगितलेले नाही, म्हणून इथे लिहिते: पुष्कळ.

आता मुद्दा. ही सायकल माझ्या पश्चात विकासला मिळावी असे दादांचे मत आहे. “घरातली वस्तू घरात राह्यली पायजे. पोरीले एवढी सायकल कायले?” आजवर वंशाचा दिवा ऐकून होते. वंशाची सायकल प्रथमच ऐकली. विकास गुणी मुलगा आहे, माझ्यापेक्षा चांगला पोहतो, आणि त्याच्याबद्दल माझ्या मनात राग नाही. पण ज्याला भेग दाखवूनही दिसत नाही त्याला उतारावर पाठवायला मी धजत नाही. सायकल माझ्या पश्चात निकिताची. हे कलम तिचा भाऊ, वडील, भावी नवरा किंवा सासर यांपैकी कोणालाही बदलता येणार नाही.

कलम ५. हवेचा मोठा पंप, चाव्या, सुट्या ट्यूब व हेल्मेट ही सायकलीची अंगे समजावीत आणि सायकलीपासून तोडू नयेत. हळद आत गेलेला जुना टायर मी रंगूवहिनींना आधीच दिलेला आहे, त्यामुळे तो मिळकतीत धरू नये. गोठ्यात बैलांच्या झुली जिथे टांगलेल्या असत, त्या खुंटीवर तो आहे. तिथेच राहावा.

कलम ६. सायकल जिच्याकडे असेल तिने दर पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी टायरला हळद लावून, धुऊन पाहावे. रबराला तूप मानवत नाही, म्हणून हळद पाण्यात कालवावी. वहिनींची याला हरकत आहे. त्यांच्या मते पाण्याने आवतन पोचत नाही. तेव्हा तुपाचे बोट सायकलीच्या दांड्याला लावावे. पिवळी रेघ राहिली तर टायर बदलावा, चर्चा करू नये. यासाठी मी एक सूत्र रचले आहे. परंपरेत ते कुठेही सापडणार नाही: प्राक् तन्तुदर्शनात्। म्हणजे, दोरा दिसण्याआधी.

कलम ७. इथपर्यंतचा मसुदा आज यास्मीनबाईंनी त्यांच्या कार्यालयात सर्वांसमोर वाचून दाखवला. दादांनी दोनदा खाकरून घेतले. वाचन संपल्यावर निकिता म्हणाली, “आत्या, एक इचारू? टायर फुटायच्या आधी बदला म्हंतेस. अन् सायकल मले तू गेल्यावर? म्हंजे मी काय तुह्या मरणाची वाट पाहू?”

मी व्याकरण, न्याय आणि पंचवीस वर्षांची वार्ताहरकी यांत उत्तर शोधले. नव्हते. माझेच सूत्र माझ्यावर उलटले होते, आणि सांगायला आनंद वाटतो की ते बरोबर होते.

तरी कलम ४ मधील ‘माझ्या पश्चात’ हे शब्द रद्द समजावेत. सायकल मी आज, या क्षणी, निकिताला दिली आहे. हेल्मेट तिच्या मांडीवर ठेवले आहे. अशा वस्तूला एवढा ताबा पुरतो, असे यास्मीनबाई म्हणतात.

“अन् तू कायवर बसशीन?” दादांनी विचारले.

“नवी सांगितली आहे,” मी म्हणाले.

दादांनी आधी बहिणीकडे पाहिले, मग मुलीकडे. “दोघीबी एकाच रस्त्यानं जासान मंग,” ते म्हणाले. आमच्या घरात यालाच संमती म्हणतात.

पुढच्या पोळ्यानंतरच्या रविवारी आम्ही दोघी एकाच तलावातून निघू. तिने मला मागे टाकावे अशी माझी इच्छा आहे, आणि ती सहजासहजी पूर्ण होऊ न देण्याचा माझा संकल्प आहे. हा संकल्प संपत्तीत मोडत नाही. तो कोणालाही मिळणार नाही.

कलम ८. साक्षीदारांविषयी. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने त्यावर साक्ष करू नये, असा वकिलांचा सल्ला आहे. विकासला निदान पंप ठेवावा असे मनात होते. पण मग त्याची सही मिळाली नसती, आणि या कागदावर मला पंपापेक्षा ती सही अधिक मोलाची वाटली. दादांचेही तसेच. हे लिहीत असताना दोघे पेन हातात घेऊन बसले आहेत. रंगूवहिनी म्हणाल्या, “करा ना सई. कागद पोरीच्या नावाचा हाय, तुमच्या मयताचा नाही.”

वरील सर्व मजकूर मी वाचला, समजला, आणि त्यातला एकही शब्द मागे घेण्याची मला इच्छा नाही. इति.

ठिकाण: वाशीम
दिनांक: १० नोव्हेंबर २०२५

लिहून ठेवणार:
(सही) वैजयंती जनार्दन गावंडे

साक्षीदार, ज्यांच्यासमोर वरील सही झाली व ज्यांनी लिहून ठेवणारीसमोर आपापली सही केली:

१. (सही) रामकिसन जनार्दन गावंडे, शेती, कामरगाव

२. (सही) विकास रामकिसन गावंडे, नोकरी, वाशीम
आत्या, शर्यतीच्याच रात्री घरी जाऊन हळद लावून पाह्यली. पुढचाबी पिवळा निघाला. दोन्ही नवे टाकले.

(साक्षीदाराने सहीखाली अधिक मजकूर लिहू नये, असे मी सांगितले होते. लिहून ठेवणारीने तो खोडू दिला नाही. — अॅड. यास्मीन शेख)