शिक्षेचे पेढे

आरे, रत्नागिरी

प्रिय शमू बाय,

पोटभर आशीर्वाद. अक्षर कोंबडीने उकरल्यासारखं आहे, सांभाळून वाच. चौथीत शाळा सुटली, तेव्हापासून हातात पेन्सिल कमी आणि कोयती जास्त. पंधरा दिवस तू माझा फोन उचलत नाहीस म्हणून कागद घेतला. कागदाला वाजावं लागत नाही.

तुझ्या शर्यतीचा व्हिडिओ मी तुझ्या आईच्या मोबाइलवर रोज बघते. मैना कंटाळली, पण देते बिचारी. पायांत त्या लांब पट्ट्या, पाठीला बंदूक, आणि बर्फातून चढायचं. उतारावर घसरणं मला कळतं, चढावर कसं घसरता गो तुम्ही? मग धापा टाकत यायचं, आडवं पडायचं आणि लांबच्या पाच काळ्या टिकल्यांवर नेम धरायचा. लागला की टिकली पांढरी. धावणारी माणसं मी पुष्कळ बघितली, पण छातीचा भाता चाललेला असताना एकदम दगडासारखी स्थिर होणारी माणसं पहिल्यांदाच बघितली.

मला आपले वांदर आठवले. मोहोरावर वांदर उतरले की मी गलोल घेऊन वर कातळाच्या सड्यावर धावायची आणि तू माझ्या मागे. पोचल्या पोचल्या मारलेला खडा कधी लागायचा नाही. श्वास सोडून झाला की पुढचा घेण्याआधी एक रिकामी जागा असते, खडा तिथून सुटायला हवा, हे तुला मीच शिकवलं. तुझा पहिला खडा शेजारच्या सोनूबाईच्या कौलावर बसला. ते कौल ती अजून काढते, म्हणजे बोलण्यात. छपरावरचं कधीच बदललं.

तर त्या व्हिडिओत शेवटी तू एका लहान रिंगणाला तीन फेरे मारलेस. मला वाटलं, देवळाला घालतो तशी प्रदक्षिणा असेल, चांगल्या नेमाचा मान असेल. दुसऱ्या दिवशी मी वाडीतल्या सोळाही घरी पेढे दिले. सोनूबाईने दोन घेतले. मग तिच्या सुनेने कुठेसं वाचून सांगितलं की चुकलेल्या प्रत्येक गोळीमागे एक फेरा, ती शिक्षा असते. सोनूबाई पाणंदीतूनच ओरडत आली, अगो, शिक्षेचे पेढे खायला घातलेस आम्हाला. मी म्हटलं, पचले ना?

मग मी परदेशातल्या बायकांची शर्यत बघायला बसले. एकीच्या दोन गोळ्या चुकल्या. म्हटलं, आता हिला घरी पाठवणार. कोणी पाठवलं नाही. ती दोन फेरे मारून आली, पुन्हा वाटेला लागली आणि पुढच्या तिघींना मागे टाकून दुसरी आली. एवढी चांगली शिक्षा मी कुठे बघितली नाही. मला चौथीत पाढा चुकला म्हणून मास्तरांनी वर्गाबाहेर उभं केलं होतं. मी तशीच घरी निघून आले, ती परत गेलेच नाही. शाळा सुटली असं आजवर सगळ्यांना सांगत आले. सुटली नाही गो, मी सोडली. मास्तर दुसऱ्या दिवशी बोलवायलासुद्धा आले होते.

काल मैनेच्या तोंडून निघालं, की माझ्या पेढ्यांची गोष्ट तुझ्या कानावर गेली, आणि संघातून नाव काढायचा अर्ज तू लिहून ठेवला आहेस. म्हणून हे पत्र. वाडीत हसं झालं ते माझं, आणि मला त्यात मजा आली. अर्ज देण्याआधी एक श्वास सोड आणि त्या रिकाम्या जागेत थोडी थांब. मी थांबले नव्हते. पुढच्या शर्यतीच्या पेढ्यांसाठी डबा घासून ठेवला आहे. सोनूबाई विचारते, तू फेरे किती मारणार ते आधी कळव, तिला फेऱ्यामागे एक पेढा हवा आहे.

तुझीच गलोलवाली,
आजी