रिकाम्या घरांचे नळ

आसनगाव,
२६ मे २००४

प्रिय नरू,

सप्रेम जयभीम. फोन करायचा तर शेजारच्यांच्या दारात उभं राहून, आणि बाजूला आई कान टवकारून. म्हणून पत्र. अक्षराला हसू नकोस.

तुला सांगायचं राहिलं, दिवाळीपासून मला काम लागलंय. स्टेशनजवळच्या नव्या बिल्डिंगमध्ये एकोणीस फ्लॅट बंद असतात. मालक मुंबई-ठाण्याकडचे, नुसते घेऊन ठेवलेत. नळ गंजू नयेत, मोरीचा वास वर येऊ नये म्हणून दर सोमवारी मी एकेक कुलूप उघडते, नळ सोडते, खिडक्या उघडते, पुन्हा सगळं बंद. माणूस नाही तिथं पाणी, आणि आपल्या वाडीत हंड्यांची रांग! पण खरं सांगू, रागापेक्षा मला नवलच वाटतं. न राहण्यासाठी माणूस घर कसं घेतो? प्रत्येक घरात मी आधी ओटा बघते. एका बाईनं तर ना गॅस, ना भांडं, पण चमच्यांचा स्टँड तेवढा ठोकून ठेवलाय. तिला यायचं असणार बिचारीला.

आपल्या घराची मागची भिंत फुगलीय. बांबूचा टेकू दिलाय, तरी आई तिथंच झोपते, ऐकेल तर शपथ. मिरग तोंडावर आलाय, मला धसका बसलाय. तू म्हणाला होतास, कल्याणला एकच खोली, आईला कुठं ठेवू? मलाही ते पटलं होतं.

मागच्या सोमवारी दुसऱ्या मजल्यावर एका दाराखाली लाइटबिल पडलं होतं. नरेंद्र नावाचे छप्पन्न असतील रे, पण पुढं बाळाराम, त्यापुढं आपलं आडनाव? बाबांचं नाव मी कसं चुकेन? घर घेतलंस याचा आनंदच झाला. लपवलंस याचं फार वाईट वाटलं. आम्ही मागू असं वाटलं का तुला? की सांगायला वेळच सापडला नाही? विचार करकरून थकले.

परवा मदतीला म्हणून आईला सोबत नेलं. तुझ्या हॉलमध्ये ती फरशीवर टेकली आणि चक्क झोपली. उठल्यावर म्हणाली, "ज्याचं कुनाचं घर आसंल त्याचं भलं होऊ दे गो. गरिबाला आसं कोन निजू देतंय?" कुणाचं घर, म्हणून दोनदा विचारलं. मी नाव सांगितलं नाही. किल्ली माझ्याकडे आहे, पण तू हो म्हटल्याशिवाय तिला तिथं राहायला नेणार नाही. मिरगाच्या आत ये, आणि घर कुणाचं ते तिला तूच सांग.

तुझीच,
वंदनाताई